सासूबाईंच्या रायफलीची चार भोकं

२२ सप्टेंबर २००२, रविवार
पोलादपूरच्या वरच्या वाडीवर सासूबाईंकडे जेवण. चढताना धाप लागली. उद्यापासून चालणे.

सासूबाईंची छर्ऱ्याची, हवेच्या दाबावर चालणारी रायफल पाहिली. विलायती. सासऱ्यांना त्यांच्या मुंबईच्या साहेबाने दिलेली. सासरे गेल्यापासून सासूबाई तिच्यावर माकडं हाकतात. सगळी वाडी त्यांना वचकून असते, माकडंही. वरची दुर्बीण बुरसली होती, ती काढून दिली. नवी आणू का विचारलं. नको म्हणाल्या, दुर्बिणीची गरज नाय, डोळं हायेत. पण तिथली चार भोकं उघडी पडली, त्यात पाणी जाऊन गंजेल, तेवढी बुजवा जावयबापू. खंडेनवमीला पूजेत हवी. आणि वेलावर काकड्या-भोपळे हायेत, म्हणून लवकर हवी.

एका संध्याकाळचं काम, महाडला घरी नेऊन करणार. जुने स्क्रू अंगणात फेकून दिले. मला नमुना लागत नाही. महाडच्या एमआयडीसीत मेन्टेनन्सला इतकी वर्षं काढली, आटे बोटाला कळतात. भोकावर करंगळी टेकवली. मेट्रिक, चार एमएम.

२३ सप्टेंबर
पाय दुखतात. चालणे उद्यापासून.

२५ सप्टेंबर
मुरारीच्या हार्डवेअरमधून चार एमएमचे स्क्रू आणले. जुना स्क्रू आणा, जुळवून देतो, म्हणाला. हसलो. स्क्रू अर्धा आटा जातो, मग अडतो. गंज. रायफल रॉकेलमध्ये भिजत घातली. घरभर वास. संजीवनी काही बोलली नाही. बायकोला पटलं की ती गप्प असते.

२९ सप्टेंबर, रविवार
पाना लावून जोर केला. स्क्रूचं डोकं तुटलं. हल्ली माल हलका येतो. शिवाय पितृपक्ष. लोखंडाची कामं या दिवसांत धड होत नाहीत.

संजीवनी म्हणाली, रायफल विलायती आहे, आटे इंचातले असतील. ती बालवाडीत शिकवते. तोंडावर काही बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर, सुट्टी
टॅप मारून नवेच आटे पाडायचं ठरवलं. टॅप भोकात तुटला. तो काढायला ड्रिल लावलं. ड्रिल बाजूला सरकलं. भोक मोठं झालं आणि थेट आतल्या हवेच्या नळीत उतरलं.
आत हवा खेळती राहील.

५ ऑक्टोबर
सासूबाईंचे शेजारी गोमाजी यांचा एसटीडीवरून फोन. बंदूक नाय हे माकडांना कळलंय, म्हणाले. सासूबाई काठी खांद्याला लावून नेम धरायच्या, ते दोन दिवस चाललं. आता माकडं ओसरीवर बसून काकडी खातात. काकडीचा वेल संपला. भोपळे तेवढे उरलेत. म्हातारी काल रडली, असंही म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. उद्या नक्की.

११ ऑक्टोबर
काम फत्ते. भोकात नळाला लावतात ती लांबी भरली, वर स्क्रूची डोकी कापून चिकटवली. खाचा एका रेषेत. पॉलिश. थेट कंपनीचं काम वाटतं. चालवून पाहिली नाही. भरवस्तीत बरं दिसत नाही.

१४ ऑक्टोबर, खंडेनवमी
रजा घेऊन वाडीवर. पाटावर कोयता, विळा, मध्ये रायफल. झेंडू. सासूबाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि जावई इंजिनेर हाय असं गोमाजींना सांगितलं. गहिवरून आलं. इंजिनिअर नाही हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

नारळ फोडला तेवढ्यात माकडं आली. पूजेतलं हत्यार आज चालवत नाहीत. सासूबाई हात जोडून बघत राहिल्या, आणि सगळ्यात मोठा भोपळा गेला. रिवाज पाळलेच पाहिजेत.

१५ ऑक्टोबर, दसरा
सकाळी थोरला हुप्प्या आला. सासूबाईंनी नेम धरला. फुस्स झालं. स्क्रूचं एक डोकं उडून कौलात गेलं. छर्रा नळीतून निघाला आणि पायरीवर पडला. हुप्प्याने तो उचलला, हुंगला, टाकून दिला.

सासूबाईंनी रायफल भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, जावयबापू, भोपळं उतरंपर्यंत आता तुम्हीच ऱ्हावा.

१६ ऑक्टोबर, बुधवार
रजा वाढवली. परसातल्या राखणीच्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा खुळखुळवतोय. बाकीची माकडं गेली. थोरला हुप्प्या समोर बसून ऐकतोय. चालणे महाडला गेल्यावर.

दुपारी डब्याचं झाकण काढून पाहिलं, आत काय वाजतंय. दुर्बिणीचे चार जुने स्क्रू. सासूबाईंनी अंगणातून वेचून ठेवले होते.

एक बोटावर फिरवून पाहिला. चार एमएमच आहे.