तळ्यातल्या उत्तम जागा: स्वानुभवावरून

२ मे
मालकांनी बोलावलं. हॉटेलच्या दारात बोर्ड हवाय: तळ्यात पोहण्याच्या उत्तम जागा. मॅनेजरने काय काय करायचं याला धरबंद नाही. पण मालक म्हणाले, तुम्ही पट्टीचे पोहणारे, नोकरीच्या अर्जात लिहिलंच होतंत, तेव्हा स्वानुभवावरून लिहा. हो म्हटलं. मी अजून पोहलेलो नाही, एवढंच. अंगात आहे ते.
उद्यापासून पहाटे पाचला सराव.

३ मे
पाचला जाग आली. पांघरुणातून एक पाय बाहेर काढून हवा पाहिली. सराव उद्या.
दुपारी पाहणी केली, बाकावर बसून. पाण्यात उतरलं की एकच जागा दिसते, बाकावरून सगळं तळं दिसतं. काळ्या खडकापाशी पाणी काळंभोर, म्हणजे अथांग. लिहिलं: फक्त तरबेज पोहणाऱ्यांसाठी. लगतच्या वळणावर पाणी इतकं नितळ की तळाचा गोटा न् गोटा दिसतो, म्हणजे गुडघाभर. नाव दिलं काच-किनारा. लहान मुलांसाठी सर्वोत्तम.
बायकोने विचारलं, उतरून बघितलंस का. म्हटलं, अनुभवी नजरेला उतरावं लागत नाही. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. पटलं असावं.

५ मे
बोर्ड लागला. अक्षर सुरेख आलंय. छोटीने (आमची लेक, वय नऊ) तो येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवला. शिवाय जाहीर केलं की रविवारी बाबा काळ्या खडकावरून उडी मारणार. स्वयंपाकी हसला. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

६ मे
सराव सुरू. मोबाइलवर व्हिडिओ लावला, स्टुलावर पालथा पडून हात मारले. स्टाइल उत्तम. स्टूल कच्चं निघालं.
मग बादलीत तोंड घालून श्वास रोखला. नाकात पाणी गेलं. आपल्या बादल्या या कामासाठी बनवलेल्याच नाहीत.

८ मे
डावा कान दुखतोय. बहुधा दुखतोय. छोटीला म्हटलं, डॉक्टरांनी मनाई केली तर माझा नाइलाज आहे. तिने कापसाचे बोळे आणून दिले आणि रविवारपर्यंत बरं वाटेल म्हणाली. पोरगी आईवर गेलीय.
एक गोष्ट मनातून जात नाही. काच-किनाऱ्यावर आजवर एकही मूल खेळताना कसं दिसलं नाही? उत्तर सोपं आहे. आधी बोर्ड नव्हता.

९ मे
झोप नाही. सकाळी काठी घेऊन काच-किनाऱ्यावर गेलो. काठावर पालथा पडून काठी आत सोडली. सगळी काठी बुडाली, मूठ बुडाली, मनगट बुडालं. तळ लागला नाही. गोटे मात्र तस्सेच दिसत होते, हाताशी.
काठी आखूड होती. मोठी शोधायला हवी. बोर्ड आत्ताच काढला तर मालक कारण विचारतील. सोमवारी बघू.

१० मे, रविवार

सकाळी काळ्या खडकावर उभा होतो, कानात बोळे, काठावर माणसं. कुणीतरी मोबाइल धरून तयार. छोटी खालून काहीतरी म्हणाली. बोळा काढून परत विचारलं तर म्हणाली, इथून नीट दिसत नाही, मी काच-किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी राहून बघते. म्हणाली आणि पळाली. मला हाक मारायची होती. पण काठावर सगळे ऐकत होते, आणि बोर्ड माझाच होता. तिच्यामागे टॉवेल घेऊन तिची आई चालली होती.
छोटीने गोट्यावर पाय ठेवायला म्हणून पाऊल टाकलं आणि दिसेनाशी झाली. ओरडलीसुद्धा नाही. पाणी तेवढं हललं.
मी खडकावरूनच उडी मारली. पोहता येतं की नाही हे आठवलंच नाही. हातपाय झाडले, नाकातोंडात पाणी गेलं, वरखाली काही कळेना. एवढंच कळत होतं की माझी पोर गेली, आणि माझ्या सुरेख अक्षरावर विश्वास ठेवून गेली. वाचवा म्हणून ओरडलो. बुडत होतो, जीव जात होता.
मग छोटीचा आवाज आला. काठावर होती ती, आईला बिलगून, दोघी नखशिखांत निथळत. म्हणाली, बाबा, उभा राहा ना.
उभा राहिलो. ते काळंभोर पाणी कमरेइतकं होतं.

११ मे
बोर्ड मी स्वतः उतरवला. मालकांनी तो उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला. नवा बोर्ड बायको लिहिणार आहे, प्रत्येक जागी उतरून. काल ती अंगावरच्या कपड्यांनिशी गेली ती सरळ तळापर्यंत. मी म्हटलं, तुला पोहता येतं हे कधी बोलली नाहीस. म्हणाली, तू बोलायचा थांबलास की सांगणार होते.
छोटी रात्रभर माझा हात धरून झोपली होती. आज तिने नियम घातला: तिला विचारल्याशिवाय मी पाण्याजवळ जायचं नाही.
हो म्हटलं.