सहा बटणं

धुळे, १८ नोव्हेंबर १९९१

ती. मंजुळाअक्कास,
सा. न. वि. वि.

माझे दीर रुपचंदभाऊजी जर्मनीहून रंगीत मातीच्या वड्या घेऊन आले. प्लॅस्टिकची माती, भाजली की कडक होते. मी तिची बटणं केली! पोळीसारखी लाटून बाटलीच्या झाकणाने कापली, दाभणाने भोकं पाडली आणि नानकटाईच्या ओव्हनमध्ये भाजली. सासूबाईंनी विचारलं, ही माती शे की मिठाई. तुझ्या छायाच्या फ्रॉकसाठी सहा पाठवते. आग्रा रोडच्या तोतारामशेठनी दुकानासाठी शंभर मागितली आहेत. माझ्या हातच्या वस्तूला पहिल्यांदाच मागणी आली, अक्का. तू शिवणात मुरलेली, खरं मत कळव.

तुझी धाकटी,
लिला

मेहरूण, जळगाव, ५ डिसेंबर

चि. लिलास,
अ. उ. आ.

बटणं पोचली, लावली. त्या फ्रॉकच्या छातीवर मी पंधरा दिवस चुण्यांचं भरतकाम केलं होतं. शाळेच्या गॅदरिंगला बायकांनी छायाला फिरवून फिरवून पाहिलं ते बटणांसाठी. घरी तुझे दाजीही तेच घेऊन बसले, लिलाच्या हातात कला आहे म्हणे. असेल.

खरं मत मागितलंस म्हणून लिहिते. पहिल्याच धुण्यात सहाही बटणांचे तुकडे झाले. दुकानात देऊन हसं करून घेऊ नकोस. शिवणकाम हा भातुकलीचा खेळ नाही. रागावू नये, भल्यासाठीच सांगते.

तुझी,
अक्का

धुळे, १४ डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न.

तुझं पत्र आल्यावर माझ्याकडची बटणं दिवसभर सोड्याच्या पाण्यात ठेवली, धोपटण्याने बडवली. एकही तुटलं नाही. पण तू उगाच लिहिणार नाहीस. माझंच भाजणं कमीजास्त झालं असेल. तोतारामशेठना नाही म्हणून आले. ते म्हणाले, निदान डझनभर तरी द्या. दिली नाहीत. हे म्हणतात, एका धुण्यावरून हात आखडू नकोस. मी सांगितलं, अक्काच्या शब्दापुढे माझ्याकडे दुसरा शब्द नाही. उरलेली माती पुतण्यांना खेळायला दिली.

लिला

जळगाव, २० डिसेंबर

लिला,

तुकडे झाले नव्हते. मी कात्रीने कापून काढली.

पंचवीस वर्षं मशीन चालवते. तुला सुई धरायला मी शिकवलं. त्या दिवशी फ्रॉक कुणी शिवला हे एका बाईनेही विचारलं नाही. तू एका दुपारी पोळी लाटावी तसं काहीतरी केलंस आणि सगळं तुझं झालं. आतून जळाले मी. तुझ्या पत्रातला तो अक्काचा शब्द वाचला आणि मशीनवर बसवेना. तोतारामशेठना कार्ड टाकलंय, बटणं उत्तम, खोटं माझं. छायालाही सांगितलं. ती बोलत नाही माझ्याशी.

अक्का

धुळे, ४ जानेवारी १९९२

ती. अक्कास,
सा. न.

तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. आठ-दहा दिवस लेखणी हातात धरवेना, इतका राग आला. तोतारामशेठनी कार्ड दाखवलं, पण तोवर त्यांनी मुंबईचा माल भरला होता. मागणी गेली ती गेलीच. वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही.

पण एक सांगायचं राहिलं. फ्रॉक फिका पिवळा आहे हे मला ठाऊक होतं. मी मुद्दाम मोठी, गडद जांभळी बटणं केली. बघणाऱ्याची नजर तुझ्या भरतकामावर टिकू नये म्हणून. लहानपणी तुझ्या हातचं घालून मी गावभर मिरवायचे आणि लोक म्हणायचे, मंजुळाने काय शिवलंय! घालणारीकडे कुणी पाहायचंच नाही.

संक्रांतीला येते आहे. दाजींना नमस्कार, छायाला पापा. राग थोडा शिल्लक आहे, तेवढा सोसून घे. माया मात्र कमी करू नकोस.

तुझीच,
लिला