सतरा नंबरचं निळं कार्ड

बिबवेवाडी, पुणे
६ जानेवारी २०२५

ती. सुनीताईस,
बाळचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारपासून मी कायद्याने माझ्याच घराबाहेर आहे. झोपतो घरातच, पण ते बेकायदेशीर. झालं असं की आमच्या सोसायटीने रात्रीचा वॉचमन काढून फाटकाला यंत्र बसवलं. कार्ड टेकवायचं, यंत्र टुक् म्हणतं, फाटक उघडतं. जातानाही टेकवायचं, येतानाही. स्कूटरला एक चिकटपट्टी दिली आहे, ती पाहून गाड्यांचा दांडा आपोआप वर जातो. म्हणजे माझ्या स्कूटरला सोसायटीत मान आहे, पायी येणाऱ्या मला नाही. कारण माझं कार्ड हरवलं.

हरवलं तर नवं द्यावं. पण आमचे अध्यक्ष रावसाहेब बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी समोरच्याला अजून रांगेतच उभं करतात. त्यांनी नियम सांगितला: साडेसातशे रुपये आणि निष्काळजीपणाबद्दल दिलगिरीपत्र, दोन प्रतींत. पैसे एक वेळ देईन. दिलगिरी नाही. चोपन्न वर्षांत मी कुणाची लेखी माफी मागितलेली नाही. अपेक्षाचीसुद्धा नाही, आणि बायको म्हणून तिच्याकडे तर सबळ कारणं होती.

मग डोकं चालवलं. आमच्या मालनबाई तुला ठाऊक आहेत. याच सोसायटीत चार घरची कामं करतात, आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक. कामाला येणाऱ्यांना कमिटीने निळी कार्डं दिली आहेत, वर नंबर घातलेली. मालनबाईंचा सतरा. चौकातला किल्लीवाला म्हणाला, मालकांच्या पांढऱ्या कार्डाची नक्कल होत नाही, निळ्याची दोन मिनिटांत होते, कारण ती स्वस्तातली आहेत. कमिटीने काटकसर कुठे केली ते बघ. मालनबाईंकडे दहा मिनिटांसाठी कार्ड मागितलं. कशाला, असं त्यांनी विचारलंही नाही. दीडशे रुपयांत नक्कल हातात. कोरी, बिननंबराची. किल्ली ती किल्ली, दाराला काय घेणं कुणाच्या हातात आहे! आता सकाळी सहाला फिरायला जातो, सातला येतो, संध्याकाळी साडेसातला जातो, पावणेनऊला येतो, आणि रावसाहेब माझ्या दिलगिरीची वाट बघत बसले आहेत.

अपेक्षा आमच्या लेकीच्या, सृष्टीच्या बाळंतपणासाठी बंगळुरातच आहे. माझे हाल बघून मालनबाईंनी घरून जवसाची चटणी आणून दिली, त्यांच्या वाशिमकडची. चटणी चार दिवसांत संपली. डबा रिकामा परत देऊ नये ही आईची शिस्त, आणि भरून द्यायला मला काही करता येत नाही. म्हणून डबा ओट्यावर बसून आहे.

आहे तो लोभ जपून ठेव. हरवलास तर दिलगिरीपत्र लागेल, दोन प्रतींत.

तुझा,
बाळ

*

कराड
१४ जानेवारी २०२५

चि. बाळ यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाठवला आहे. गोड बोलण्याची अट तुला नाही, तिचा तुझ्यावर काही परिणाम होत नाही हे सिद्ध झालेलं आहे. फोन का करत नाहीस, असं केयूर विचारतो. त्याला सांगितलं, फोनवर मामा बोलतो आणि मी ऐकते, पत्रात निदान माझी पाळी येते.

तुझा पराक्रम केयूरला सांगितला. त्याचं खराडीच्या कंपनीत असल्या कार्डांचंच काम आहे, तो कपाळाला हात लावून बसला. त्याने मागेच माझ्या बँकेच्या कार्डाची नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय बंद करून टाकली होती. म्हणाला, आई, तू पर्स उघडी टाकून भाजी निवडतेस, तुला ही सोय नको. आता सगळी कार्डं त्याने दिलेल्या पातळ धातूच्या पाकिटात असतात, धातूआडून कुणाच्या यंत्राला ती वाचता येत नाहीत म्हणे. मी त्या पाकिटाला चिलखत म्हणते. गाडीच्या काचेवरच्या टोलच्या पट्टीतही बेताचेच पैसे ठेवते. हसू नकोस. कुलूप लावणारा भित्रा आणि न लावणारा शूर, असं तुझं एक तत्त्वज्ञान आहे, ते मी लहानपणापासून निस्तरते आहे.

आणि दुसऱ्याचं कार्ड कशाला रे? सोसायटीला दोन ओळी लिहून टाक आणि मोकळा हो. दिलगिरीने कुणाचं वजन घटत नाही. डबाही देऊन टाक. साखर घातलीस तरी तो भरलेलाच असतो.

पथ्य पाळ आणि बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
ताई

*

बिबवेवाडी
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चिलखत पोचलं. म्हणजे त्याचं वर्णन. साखर घालायची राहिली.

इथे एक नाटक सुरू झालं आहे आणि तिकीट नाही. रावसाहेबांनी यंत्राच्या नोंदी छापून घेतल्या आणि शोध लावला. सूचना फलकावर कागद लागला की सेवक क्रमांक सतरा हिने महिनाभर रात्री सोसायटीच्या आवारात मुक्काम केल्याचं दिसतं: रात्री पावणेनऊला आत, पहाटे सहाला बाहेर. सतरा म्हणजे आपल्या मालनबाई! मी तर गारच पडलो. पंचेचाळीशीची बाई, कपाळाला हे एवढं कुंकू, मान खाली घालून येणार आणि जाणार. पाचव्या मजल्यावर एक एकटे गृहस्थ आहेत, त्यांच्यावर माझा संशय आहे. कॅमेऱ्यात पाहावं तर तो गणपतीपासून बंद.

सोसायटीच्या ग्रुपवर नुसती कुजबुज चालली होती, मला राहवेना. मी लिहिलं, सतरा नंबरला रात्रपाळीचा भत्ता मंजूर करावा, माझं अनुमोदन. ताई, एकोणतीस जणांनी हसून दाखवलं. माझ्या मागच्या वर्षीच्या पाणीकपातीवरच्या विनोदाला अकराच होते. दुसऱ्या मजल्यावरचा राजस जिन्यात पाठ थोपटून म्हणाला, काका, मानलं तुम्हाला. आता लिफ्टमध्येसुद्धा लोक माझ्याकडे बघून हसतात. माणसाला उशिरा का होईना, वाचक मिळतो.

मालनबाई चार दिवस आलेल्या नाहीत. विचारायचं तरी कसं? खिचडीवर आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस, खिचडी झाली तेवढी पुरे.

तुझा,
बाळ

*

कराड
९ फेब्रुवारी २०२५

बाळ,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच, उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होण्याआधी आम्ही प्रत्येक पुस्तकात अशाच पट्ट्या चिकटवल्या होत्या. माझ्या हातून एकदा एकच नंबर दोन पुस्तकांना गेला. निकिता नावाच्या मुलीने आपलं पुस्तक परत केलं, दुसरं त्याच नंबराचं कुणीतरी नेलं, आणि यंत्र निकिताच्याच नावावर बाकी दाखवत राहिलं. ती शपथा घेत होती आणि मी तिला स्क्रीन दाखवत होते. परीक्षेचा फॉर्म अडवला तिचा. चूक माझी होती हे कळायला चार महिने लागले. तोवर तिने ग्रंथालयात येणं सोडलं होतं. तिला मी कधी काही लिहिलं नाही. हे आजवर तुलाही सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगते, ती किल्ली नव्हे. किल्ली गप्प असते. कार्ड यंत्राजवळ नेलं की ते आपला नंबर सांगतं आणि यंत्र तो वेळेसकट लिहून ठेवतं. हात कुणाचा, हे त्याला दिसत नाही. तुझी नक्कल वरून कोरी आहे, आतून ती सतराच आहे. आता सांग, पावणेनऊला आत कोण येतं? पहाटे सहाला फिरायला कोण जातं? वेळा तूच मला लिहिल्या होत्यास.

आणि लोक कोणत्या विनोदाला हसतात, तेही तुला कळलेलं दिसत नाही. अपेक्षा बंगळुरात, आणि मालनबाई स्वयंपाक कुणाकडे करतात?

ताई

*

बिबवेवाडी
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र वाचलं तेव्हा उभाच होतो.

रावसाहेबांकडे जाऊन नोंदींचे कागद मागितले. सकाळी सात, सतरा आत. सात वीस, सतरा आत. मधे बाहेर गेल्याची नोंद नाही. महिनाभर एक बाई रोज सकाळी दोनदा आत शिरते आहे आणि ते कुणाला खटकलं नाही. सगळ्यांनी रात्रीच्या ओळी तेवढ्या वाचल्या. मीही.

कमिटीपुढे सगळं सांगितलं, नक्कल टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, शेण घालतील तोंडात. तर ते हसले. रावसाहेब म्हणाले, काय हे बाळासाहेब, सरळ मागायचं होतं. चहा झाला. मला दोन हजार दंड. इतिवृत्तात लिहिलं, तांत्रिक त्रुटी आढळली, विषय संपला. मी म्हटलं, फलकावर मालनबाईंचा काही दोष नाही असं लिहा. ते म्हणाले, नाव आम्ही कुठे लिहिलं होतं? नंबर लिहिला होता. वर, स्वतःचं कार्ड दुसऱ्याला दिल्याबद्दल सतरा नंबर कायमचा रद्द. मला मात्र नवं पांढरं कार्ड त्याच बैठकीत मिळालं. दिलगिरीपत्राची आठवण कुणाला झाली नाही.

चारांपैकी तीन घरांनी त्यांना तो कागद लागला त्याच दिवशी काढलं होतं. चौथं माझं, मी काढलं नव्हतं, मी नुसता विनोद केला होता. तो विनोद कुणीतरी त्यांच्या नवऱ्याला मोबाइलवर वाचून दाखवला. त्यांच्या वस्तीतल्या किराणावाल्याकडून कळलं, नवरा तीन दिवस त्यांच्या हातचं जेवला नाही, घराबाहेर काढायला निघाला होता.

ताई, सोसायटीने मला काय केलं माहीत आहे? पाठ थोपटली. एकाच भानगडीत दोघांची नावं होती, त्यात मी रंगेल ठरलो आणि त्या बेघर होता होता राहिल्या. नंबर एकच होता, निकाल दोन लागले.

तुझा,
बाळ

*

कराड
२७ फेब्रुवारी २०२५

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मला लिहिलंस. त्यांना काय लिहिलंस?

निकिताचा पत्ता जुन्या रजिस्टरात शोधला, सापडला. तिथे आता दुसरंच कुणी राहतं. मी उशीर केला. तू करू नकोस.

डबा अजून ओट्यावरच आहे ना?

तुझी,
ताई

*

बिबवेवाडी
१६ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चोपन्न वर्षांनी पहिलं दिलगिरीपत्र लिहिलं. दोन प्रतींत. एक प्रत फलकावर लावली. त्यात लिहिलं की रात्री येणारा सतरा नंबर मी होतो, मालनबाई नव्हत्या, आणि तो विनोद माझा होता. संध्याकाळपर्यंत कमिटीने काढून टाकली, विनापरवाना कागद लावू नये म्हणून. मग त्या तिन्ही घरांत स्वतः गेलो. एकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, आम्हाला दुसरी बाई मिळाली आहे, चांगली आहे. एकांनी दार अर्धंच उघडलं. तिसरीकडे चहा विचारला. मालनबाईंबद्दल मात्र काही विचारलं नाही. ग्रुपवरही मजकूर टाकला. चौघांनी हात जोडले.

दुसरी प्रत घेऊन काल मालनबाईंकडे गेलो. इथेच वर, चढावर, दोन खोल्या आहेत. नवरा घरात होता. मी त्याला सगळं वाचून दाखवलं, रात्रपाळीच्या ओळीसकट. त्याने कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाला, साहेब, हे तुम्ही आधी इथं यिऊन सांगायचं, कमिटीकडं नंतर.

मालनबाईंना कोंढव्याला काम लागलं आहे, मोठी इमारत आहे. तिथेही कार्ड आहे. त्यांनी ते गळ्यातल्या पिशवीतून काढून दाखवलं. दुधाच्या पावडरच्या पुडीचा चंदेरी कागद धुऊन, पुसून त्याला दुहेरी गुंडाळला होता आणि वरून दोऱ्याने बांधला होता. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, तिथल्या एका पोराने. मग त्यांनी मलाच विचारलं, काका, तुम्हाला यातलं समजतं, एवढं पुरे का? मी म्हटलं, परक्या माणसासाठी पुरे आहे. ओळखीच्याने मागितलं, तर द्यायचं नाही एवढाच उपाय. त्या म्हणाल्या, ते आता कळलं.

डबा नेला होता. गुळपापडीच्या वड्या केल्या होत्या, अपेक्षाला फोनवर विचारून. पहिला घाणा करपला, दुसरा कडक झाला, तिसरा भरला. मालनबाईंनी डबा घेतला, वड्या ताटलीत काढून घेतल्या, डबा घासला, पदराने कोरडा केला आणि फळीवर ठेवला. फळीवर एकाच मापाच्या डब्यांची ओळ होती, मधे एका डब्याची जागा रिकामी. तिथे तो बरोबर बसला. परत त्यात काही घालून मला दिलं नाही. बसाही म्हणाल्या नाहीत. मी निघालो.

तुझ्याकडे लोभ मागण्याइतका सध्या मोठा झालेलो नाही. उरला असेल तर पुढच्या पत्रात चार ओळी जास्त लिही.

तुझा,
बाळ