घट्ट झाकणाचा डबा

आई, तुझा तो पत्र्याचा डबा अजून माझ्याकडे आहे. अंबरनाथच्या कंपनीत तू कीटकनाशकाची पावडर पिशव्यांत भरायचीस, तिथून आणलेला. बदलापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून तू केस विंचरायचीस आणि फणीतलं गुंतवळ बोटाला गुंडाळून त्यात टाकायचीस. डबा भरला की ते केस उल्हासनगरात देऊन त्यावर पिना, रिबिनी घ्यायच्या. मी म्हणायचे, "शी, कंपनीचा डबा कशाला?" तर तू खेकसायचीस, "गप गं! झाकण बघ कसं घट्ट बसतंय. झुरळसुद्धा फिरकत नाही." आपण दोघी हसायचो. काय हसायचो गं!

मग तुझे हात थरथरायला लागले. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा. वेणी घालता येईना, तेव्हा एका सकाळी तू कात्री माझ्या हातात दिलीस. "काप. तुला गंगावनाला होईल." मी रडत रडत कापतेय आणि तू मलाच दटावतेयस, "सरळ काप की, वाकडी काय करतेस!" त्याच वर्षी तू गेलीस. ती वेणी मी तुझ्या शालूत गुंडाळून ठेवली.

नव्वदनंतर कधीतरी कळलं, की अंगात वर्षानुवर्षं भिनलेलं कीटकनाशक केसांत सापडतं, माणूस गेल्यावरही. डब्यात तुझं शेवटचं गुंतवळ तसंच होतं, तो घेऊन मी प्रयोगशाळेत धावले. तिथल्या बाई भल्या होत्या. त्यांनी डब्याच्या तळाशी बोट न लावता नुसतं पाहिलं आणि झाकण लावलं. "पावडर डब्यालाच आहे हो. केसांत ती आईच्या अंगातून आली की यातून, हे आता कसं सांगणार? मुळाशी कापलेली, वेगळी ठेवलेली एखादी बट आहे का? तिच्यात मुळापासून टोकापर्यंत, अंगात कधी किती भिनलं ते कळतं."

इतका राग आला मला तुझा, आणि त्या मेल्या झाकणाचा! कंपनीचा राग यायला हवा होता, तो नंतर आला.

घरी येऊन वेणी मांडीवर घेतली. एक बट पुरणार होती, पण ती तपासणीत विरघळवतात, परत मिळत नाही. पावडरीनेच तुला नेलं का, हे मला आजही जाणून घ्यायचंय. कात्री उघडली, तर तुझ्या खोबरेलाचा वास आला. एकदा तू सांगितलंस म्हणून कापली होती. दुसऱ्यांदा हात धजला नाही.

हे पत्र शालूत ठेवतेय, वेणीजवळ. आई, बाईंना मी सांगितलं, दुसरे केस नाहीत.