अण्णासाहेबांच्या बंदुकीचा दस्ता

१२ मार्च
आज दुकानात कोण यावं! दासगावचा यशराज, अण्णासाहेबांचा नातू. गोणपाटात गुंडाळलेला बंदुकीचा दस्ता फळीवर ठेवला. म्हणाला, "नळी घरी आहे. लायसन आता माझ्या नावावर झालंय. एवढं लाकूड नव्यासारखं करून द्या, बागेत डुकरं फार झालीत."
मी कोणाचा मुलगा, त्याला ठाऊक नाही. मला हे लाकूड ठाऊक आहे. याच बंदुकीने बाबांचा पाय गेला. कुडपणच्या रानातून डुकरं उठवायला त्यांना नेलं होतं. अण्णासाहेबांनी डुक्कर समजून बार काढला. मी सहा वर्षांचा होतो.
"करतो," म्हणालो. का म्हणालो!

१४ मार्च
जुनं पॉलिश खरवडलं. आत अक्रोडाचं लाकूड. काय रेषा! रागच आला. असल्या माणसाकडे असलं लाकूड.
बाबा पुढे अकरा वर्षं ओटीवर बसून होते, मग गेले. शेत मुरारीकाकाने केलं. मला वाढवलं त्यानेच, रंधाही त्यानेच हातात दिला. अण्णासाहेब एकदाही आमच्या दारात आले नाहीत.

१७ मार्च
यशराज डोकावून गेला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "या बंदुकीने कधी माणसाला लागलं होतं म्हणे?"
"हो, एक गडी मध्ये आला होता. आजोबांनी दवाखान्याचं सगळं केलं त्याचं."
मध्ये आला!

१८ मार्च
मुठीपाशी चीर सापडली. खोल. नीट सांधली नाही तर बार काढताना दस्ता तिथेच फुटेल — तोंडाजवळ.
मेण भरलं. वरून पॉलिश. दिसत नाही.

२० मार्च
चवदार तळ्यावर गर्दी. दुकान बंद. घरी बसून तेच डोक्यात. बरं केलं मी. बरंच केलं!

२३ मार्च
मुरारीकाका कुडपणहून आला, दात दाखवायला. दुकानात शिरला, दस्ता पाहिला आणि उभाच राहिला. मग लाकडावरून अंगठा फिरवला. मेणाला तो फसतोय थोडाच!
"मंगेश, चीर हाय. सांधली नायस?"
"फुटू दे त्यांच्याच घरात. बाबांचा पाय काय फुकट गेला?"
काका स्टुलावर बसला. मग म्हणाला, "अण्णासाहेबांनी नाय मारला रे बार. एकदा मला द्या, म्हणून मीच मागं लागलो. दिली त्यांनी. दुसऱ्याच्या हातात बंदूक दिली हे कळलं तर लायसन जाईल, म्हणून बार आपल्याच हातून सुटला असं सांगितलं त्यांनी सगळ्यांना. मी बी गप बसलो."
"बाबांना माहीत होतं?"
"माझ्याकडंच बघत होता तो, पडला तेव्हा. पण बोलला नाय कधी."
मी चहा सांगितला होता. तसाच गार झाला.

२४ मार्च
मेण काढलं. चीर सांधली. काका अजून इथेच आहे. दस्ता धरायला त्याने हात पुढे केला — मी दिला नाही.