हेळव्याने धाकट्याबद्दल विचारलं

अण्णा,

वर्षभर मी आपल्या घराण्याचे जुने कागद शोधते आहे. आजोबा भोकरकडून किल्लारीला आले, एवढंच तुम्ही सांगितलं होतंत. नांदेडला निजामाच्या काळातले काही उर्दू कागद मिळाले. एका निवृत्त शिक्षकांनी ते वाचून दाखवले. पणजोबांचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी आहे. "हे तुमचेच कशावरून?" ते विचारतात. घरातलं विचारायला कुणी उरलेलं नाही. भूकंपात तुम्ही, आई आणि धाकटा एकाच भिंतीखाली गेलात. मला तुम्ही शिकवणीसाठी लातूरला ठेवलं होतंत, म्हणून मी वाचले.

शेवटी हेळव्याचीच आठवण झाली. बैलावर बसून यायचा, ओसरीवर आपली वंशावळ म्हणायचा. धाकटा झाला ते वर्ष अजून दिसतं: तुम्ही पितळी घागर देऊन त्याचं नाव वहीत घालून घेताय. मी सुपातली ज्वारी हेळव्याच्या झोळीत ओतते आहे, "माझं?" विचारते आहे, आणि तुम्ही हसताय, "तुजं तुज्या सासरी, बाय."

परवा भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात, आपल्या शेजारच्या काकूंच्या घरी, त्या हेळव्याचा मुलगा आला. मोटरसायकलवर. वही मांडीवर, पण म्हणाला न बघताच: पणजोबा, आजोबा, तुम्ही, धाकटा. नावं कागदांशी पुरती जुळेनात, पण माणसं तीच होती. त्या वहीत जन्म लिहितात, मरण नाही.

"धाकले मालक कुटं असत्यात, अक्का? त्यांची लेकरं घालायची ऱ्हायली."

काकू माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगितलं असतं तर घराणं तिथेच थांबलं असतं.

"गप का? वाटणीवरनं भांडलाव व्हय?"

"लातूरला असतो," मी म्हटलं. "क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो."

"मंग लई झालं की! लातूरचा मास्तर. पुढल्या खेपेला बुलेटच मागतो बघा."

लातूरला गल्लोगल्ली क्लास झालेत, अण्णा, आणि त्यातल्या एकात फिजिक्स मी शिकवते. कागदांत अक्षराचा फरक दिसला तरी मी खूण करून ठेवते, अंदाजाने काही जोडत नाही. काकू नंतर एवढंच म्हणाल्या, "केलंस ते केलंस." बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

निघण्याआधी हेळव्याच्या मुलानं धाकट्याच्या मुलाचं नाव विचारलं होतं. मी तुमचं सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं.