मुकादमीण आणि रेडिओवरची बाई

१४ जुलै, सोमवार

रेडिओ! सगळ्या उपद्रवाचं मूळ तो रेडिओ!

आज अकराच्या सुमारास माझ्या टोळीतली क्रिसान्ता वेलींची ओळ सोडून माझ्यासमोर उभी. हातात द्राक्षं तोडायची कात्री, कानात ते रेडिओ ऐकायचं बोंडूक. "रोसाउराबाई, तंबू लावायला हवा. ऊन चढलं की सावली द्यायचीच, कॅलिफोर्नियात तसा कायदाच आहे. निएवेसबाईंनी रेडिओवर सांगितलं."

निएवेस म्हणजे आमच्या स्पॅनिशमध्ये बर्फ. नाव शोभतं बाकी! गार खोलीत बसायचं आणि मळ्यात घामाने निथळणाऱ्यांना हक्क शिकवायचे. स्पॅनिश बोलते म्हणून आमची झाली काय ही? एक पेटी भरून दाखव म्हणावं.

मी म्हटलं, "बर्फवाल्या बाईंना सांग, तंबू पाठवून द्या." अख्खी टोळी हसली. क्रिसान्ता नाही हसली.

तंबू आहे की ट्रकमध्ये. पण घडीघडी उपटा, पुढच्या ओळीला रोवा — तेवढ्यात चाळीस पेट्या मागे पडतो आम्ही. मग मळ्याचा वेंडेलसाहेब माझ्यावर भुंकणार. रेडिओवर नाही भुंकत तो!

१६ जुलै

रेडिओवरची बाई म्हणे, "कागदपत्रं असोत नसोत, हक्क तुमचाच." वा! कागद नसलेल्यांना पकडून देशाबाहेर काढणाऱ्यांच्या गाडीतही हाच कार्यक्रम लावतात वाटतं!

१९ जुलै, शनिवार

आज मीच तो कार्यक्रम ऐकला. गाडीत, काचा वर करून. सोमवारी ही माणसं काय मागणार ते आधी कळलेलं बरं, म्हणून. दुसरं काही नाही.

एका बुवाने फोन केला. "कामावर गातो म्हणून मालकाने काढलं. चालतं का असं?" बाई म्हणते, "आधी गाऊन दाखवा." त्याने गायलं. भयंकर! "आता मालकाचीही बाजू ऐकायला हवी," म्हणाली. मला हसू आलं. मग स्वतःचाच राग आला.

मग एकदम गंभीर झाली. "मागितली की विश्रांती मिळालीच पाहिजे. कोणी कोसळलं तर साहेबाची वाट बघू नका. आधी अँब्युलन्स."

बोलायला काय जातं हिचं! अँब्युलन्सच्या मागून कोण कोण येतं, चौकशा कशा होतात, ते मला विचार.

२३ जुलै, बुधवार

फिदेन्सिओबाबा पडले.

एकसष्ट वर्षांचा माणूस. टोळीत सगळ्यात म्हातारे, पण कधी तक्रार नाही. उन्हाचा पारा एकशे चार फॅरनहाइटवर. दीड वाजता कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, पाच मिनिटं टेकू का?" मला पोरी म्हणतात. सत्तेचाळीसची मी!

मी म्हटलं, "तुम्हीपण रेडिओ ऐकायला लागलात? टेकायचंय तर घरी जाऊन टेका, कायमचे!"

पुन्हा वेलीखाली वाकले.

दोनला आडवे. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, तोंडाने काहीतरी बरळणं. आणि मी काय केलं? वेंडेलला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा!

तोवर क्रिसान्ताने ट्रकमधून तंबू ओढून काढला. चौघींनी त्यांना सावलीत नेलं, पाण्याचं पिंप अंगावर रिकामं केलं. अँब्युलन्स तिनेच बोलावली. रस्ता, मळ्याचं फाटक, ओळ — सगळं चोख सांगितलं. मी फोन कानाला लावून उभी. खांबासारखी!

२४ जुलै

जिवंत आहेत. मूत्रपिंडांनी काम थांबवलंय म्हणे.

वेंडेल सकाळीच आला, कागद घेऊन. लिहिलेलं काय — तंबू सकाळपासून लावलेला होता, म्हाताऱ्याने विश्रांती मागितलीच नाही. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणतो, "सही कर, रोसाउरा. तू हुशार आहेस. त्यांच्यासारखी नाहीस तू."

केली सही. हुशार ना मी!

क्रिसान्ता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२६ जुलै, शनिवार

हॉस्पिटलात गेले. संत्री नेली होती. खाता येत नाहीत त्यांना, नर्स म्हणाली. नळ्याच नळ्या. मला बघून उठायला लागले.

"पोरी, माझ्यापायी तुझं काम तर नाही ना गेलं?"

संत्री तिथेच टाकून पळाले. थू माझ्यावर!

२७ जुलै

काही नाही. स्वयंपाकही नाही केला.

२८ जुलै, सोमवार

रेडिओला फोन लावला. चालू कार्यक्रमातच घेतला त्यांनी. तंबू, ती पाच मिनिटं, खोटी सही — सगळं सांगितलं. निएवेसबाई म्हणाल्या, "नाव नाही सांगितलंत तरी चालेल, ताई."

रोसाउरा हे विकत घेतलेल्या खोट्या कार्डावरचं नाव. अठरा वर्षं तेच लावतेय.

मी म्हटलं, "लिहून घ्या, माझं खरं नाव. दोमितिला कान्सेको."